दोन्ही एकाच दिवशी

हेरंबनं कागदावर लिहिलं होतं:
सातला मिसळ, नऊला बेट,
बाराला गोल्फ क्लब मैदान, लंचच्या आत.
खाली दोनदा रेघ.
बेट आणि रणजी, दोन्ही एकाच दिवशी,
कारण सातपूरच्या कंपनीत सुट्टी एकच मिळते,
तीही मागून.

थंडी अशी, की पाव मोडेपर्यंत
रश्श्यावरची तर्री साकळली.
ओम्नीच्या मागच्या सीटवर वन्सं, मांडीवर नारळ,
धरणाला द्यायचा म्हणून.
"पोहता येत नाही मला. ओळख असलेली बरी."
निनादच्या हातात नवी बॅट,
अजून तेलसुद्धा न लावलेली.
सही घ्यायची होती त्याला. कोणाची?
"कोणाचीही. खेळणाऱ्याची."

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर धुकं एवढं खाली,
की एकनाथची होडी आधी ऐकू आली, मग दिसली.

बेट म्हणजे पाण्यानं सोडून दिलेली एक टेकडी.
चार बाभळी, शेळ्यांच्या लेंड्या
(शेळ्या पोहत आल्या का, रेवतीनं विचारलं,
कोणालाच सांगता येईना)
आणि कुणाच्या तरी बांधाचा दगड,
अजून हद्द राखून बसलेला.
पाव तासात बघून झालं. मग
हेरंबनं घड्याळाकडे पाहिलं, मी टिटवीकडे,
टिटवीनं आम्हा सगळ्यांकडे.

परतताना इंजिन बंद पडलं. मधोमध.
एकनाथनं दोरी ओढली, पुन्हा ओढली,
मग टपरीवर बसावं तसा बसून राहिला.
"गार पडलंय. होईल."
वल्हं एकच. दुसरं मेहुण्याकडे.
हेरंबच्या मोबाईलवर स्कोअर येत होता, जात होता.
तीन बाद ऐंशी. मग रेंज नाही.
मग एकदम सहा बाद एकशे एकतीस.
मधल्या तीन विकेटी पाण्यात गेल्या.
वन्संनी नारळ आणखी घट्ट धरला:
आत्ता द्यावा, तर देव म्हणेल, घाबरून दिला.

निनादनं बॅट पुढे केली. काही न बोलता.
त्या बॅटला पहिल्यांदा चेंडू लागलाच नाही,
पाणी लागलं.
एका बाजूला एकनाथचं वल्हं,
दुसऱ्या बाजूला आळीपाळीनं बाप नि लेक.
"कोपर वर! सरळ खेळ!" हेरंब ओरडला,
आणि त्याचं त्यालाच हसू फुटलं.
त्याची एक दाढ कधीतरी पडलीये,
हे मला तेव्हा कळलं.

किनाऱ्याला लागलो दोन वाजता.
मैदानात शिरलो तर चहापान उरकलेलं,
शेवटची जोडी खेळत होती.
झाडांखाली स्वेटर घातलेले म्हातारे
पेन्शनच्या गप्पांतून चेंडूगणिक मान वर करायचे
आणि पुन्हा पेन्शनवर यायचे.
अर्धा तास एकही धाव नाही.
"जिंकतंय कोण?" वन्संनी विचारलं.
"कोणीच नाही. उद्या आहे. परवाही आहे."
"मग सकाळपासून घाई कसली होती?"
कागद त्याच्या खिशातच होता.
त्यानं तो बाहेर काढला नाही.

खेळ संपला. सगळे पाठ फिरवून आत गेले.
दोरीजवळ राहिला तो फक्त बारावा,
बाटल्यांचा क्रेट उचलत.
बॅट पुढे आली तसा गडबडला,
"मी खेळलो नाही रे. मी पाणी नेतो."
निनाद म्हणाला, "चालेल.
बॅटपण खेळली नाहीये अजून."
लाकूड ओलसर होतं. निळी शाई
पहिल्या अक्षरातच पसरली,
तिला कडेनं बारीक बारीक मुळं फुटली.
ते नाव आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नाही.

नारळ पार्किंगमध्ये फोडला, ओम्नीच्या जॅकवर.
पाणी रेवतीनं प्यायलं, कोणाला न विचारता.
वन्संनी अर्धी वाटी एकनाथसाठी बाजूला ठेवली.
कधी द्यायची,
ते कागदावर नव्हतं.